बाफले कशावर शेकले?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की बाफल्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

तेव्हा मी इंदूरमध्ये राजेंद्र नगरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रमुख, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत टीआय होतो. श्रावणातल्या एका सकाळी हजेरी चालू असतानाच एक शिक्षिका आल्या. मूळच्या सांगलीकडच्या. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ राहून पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून काम करत होता.

"काल मित्राकडे बाफल्यांची पार्टी आहे म्हणून गेला, तो परतलाच नाही. फोन बंद आहे. साहेब, न सांगता रात्र बाहेर काढणारा नाही हो तो."

बेपत्ता झाल्याची नोंद घेतली. तेवढ्यात कारखान्यातून निनावी फोन आला, की गेल्याच आठवड्यात या दोघा मित्रांची हातघाई झाली होती. झालं. माझे हवालदार लगेच खुनाचं कलम आणि दंडुक्याची भाषा बोलू लागले. घाई मलाही होती, कारण पोरगा जिवंत असेल तर एकेक तास मोलाचा होता. पण मार खाल्लेला माणूस खरं बोलतोच असं नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं.

मित्राला जुनी इंदूरमधल्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीवरून आणलं. देवासचा मराठी मुलगा, एकटाच राहणारा. नजर जमिनीवर आणि तोंडी एकच पालुपद.

"माझ्या खोलीवर आला, जेवला, शाम झाली तसा निघून गेला, सरजी. बस, इतकंच."

भांडणाचं काढलं की तोंडाला कुलूप. बराच वेळ डोकं फोडलं, हाती काही लागेना. मग मी फाईल मिटली, चहा मागवला आणि सहज म्हणालो, "बाफले काय, गॅसवरच शेकले असतील. आजकालची मुलं तुम्ही."

तो एकदम ताठ झाला. "गॅसवर? बाफला कोणी गॅसवर शेकतं का, सरजी? कंड्यांवर शेकले. मी स्वतः."

कंडे म्हणजे गोवऱ्या. कणकेचे गोळे उकळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर शेकायचे आणि तुपात बुडवायचे, तो बाफला. माळव्यातला माणूस एकवेळ खुनाचा आळ सोसेल, पण गॅसवरच्या बाफल्याचा नाही.

"तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत गोवऱ्या पेटवल्यास? आणि घरमालक गप्प बसला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "खोलीवर नाही, सरजी. जंगलात. झरन्यावर."

महूच्या पुढे सागाच्या जंगलात थोडं चालून गेलं की एक धबधबा आहे. पाटी नाही, रस्त्यावरून दिसत नाही. भांडण मिटवायलाच दोघे तिथे गेले होते. मिटलंही. मग जेवणानंतर फोटो काढायला उतरलेला त्या शिक्षिकेचा भाऊ घसरला आणि दिसेनासा झाला.

"खूप आवाज दिला. पाण्यापुढे काही ऐकूच येत नव्हतं. वाटलं, गेला तो. आमच्या झगड्याचं सगळ्यांना माहीत, मर्डर माझ्यावरच येणार." तो हुंदके देऊन रडू लागला.

वनरक्षक, बचाव पथक, दोर घेऊन आम्ही सुटलो. वाट त्यानेच दाखवली. पाण्यापुढे हाका ऐकू जाणारच नव्हत्या, म्हणून माथ्यावरच्या हाका मी बंद करवल्या आणि वरून न दिसणारं दिसावं म्हणून माणसं समोरच्या काठावर धाडली. तिथून तो दिसला. धारेच्या आडोशाला, कपारीत, पाय मोडलेला पोरगा शर्ट हलवत होता.

मघाशी खुनाचं कलम लावणारे हवालदार आता "और थोडा, भिया" असं भावासारखं चुचकारत दोर ओढत होते. मीही ओढत होतो. पोरगा वर आला तेव्हा मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

इस्पितळात त्या ताई मित्राला म्हणाल्या, "घाबरलास, समजलं. पण मला एक फोन तरी करायचास." त्याने त्यांचे पाय धरले, त्यांनी त्याला उठवून जवळ बसवून घेतलं.

खोटं बोलणारा दरवेळी गुन्हेगार नसतो, कधी तो नुसताच भ्यालेला असतो. भीतीपोटी माणूस सगळं नाकारतो, फक्त ज्याचा त्याला अभिमान आहे ते नाकारणं त्याच्या जिवावर येतं. पुढच्या प्रत्येक चौकशीत मी आधी तेच शोधलं.

बक्षिसं मलाही मिळाली. पण सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असं कोणी विचारलं तर मी हीच सांगतो. त्या दिवशी दोन पोरं वाचली, आणि त्यातलं एक माझ्याच ठाण्यात बसलं होतं.