कुंकवाखालचा नंबर
खंडेनवमीला ओल्या कुंकवाचा वास आला की मला शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री आठवते. तिथल्या सेकंडहँड कॉम्प्युटरच्या आतली बॅटरी संपली आणि मशीन स्वतःचा नंबरच विसरलं. त्या नंबराशिवाय ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडेना, आणि साच्याचं ड्रॉइंग तर संध्याकाळपर्यंत हवं होतं. दुरुस्तीला मला बोलावलं होतं. नवी बॅटरी मी घातली, पण नंबर आणू कुठून? नंबर छापलेली बाहेरची सगळी लेबलं फोरमनमामांनी रोज रॉकेलच्या फडक्यानं पुसून पुसून कोरी केली होती. मागच्या बाजूला तेवढा पूजेच्या कुंकवाचा जाड थर होता, तिथं त्यांनी फडकं कधी फिरवलंच नव्हतं. मी तो खरवडायला गेलो तर मामा गरजले, "पावणं, हात लावू नगा! खंडेनवमीचं कुंकू हाय त्ये." शेवटी त्यांनीच मशीनच्या पाया पडून ओल्या बोटानं थर हळूहळू उतरवला. खाली लेबल निघालं, आकडा न् आकडा शाबूत! नंबर टाकला आणि ड्रॉइंग उघडलं. मामा छाती फुगवून म्हणाले, "बघा, देवानंच जपलं की न्हाय?" मी नुसता हसलो. पण आजही माझ्या लॅपटॉपची पूजा करताना मी तो उलटा करतो आणि कुंकू लावतो ते नेमकं लेबलावरच.