दोन्ही कान दिसले पाहिजेत

शिरपूरच्या तहसील कचेरीसमोर लीलाधर फोटोवाल्याचं दुकान होतं, आणि या दिवाळीला ते बंद व्हायचं होतं. त्यात कुणाशी भांडणतंटा नाही. आधारचं मशीन स्वतःच फोटो काढू लागलं, पाठोपाठ ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला, आणि लीलाधरसमोरचं स्टूल रिकामं राहायला लागलं. वर्षभरापासून त्याचा उजवा हातही थरथरत होता.

चाळीस वर्षं त्याने एकच काम केलं. अर्जावर चिकटवायचे फोटो. मागे पांढरा पडदा, नजर समोर, दोन्ही कान दिसले पाहिजेत. लग्नाच्या ऑर्डरी त्याने कधी घेतल्या नाहीत. डोंगरापायथ्याहून येणारी माणसं कॅमेरा दिसला की दगड व्हायची. त्यावर त्याची युक्ती होती. "इकडे बघा" असं तो कधी म्हणायचाच नाही. कॅमेरा स्टँडवर लावायचा, बटणाची वायर मुठीत धरायची आणि सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत बसायचं. हा माणूस आता करतोय तरी काय, म्हणून गिऱ्हाईक मान वर करायचं. तेवढ्यात फोटो निघालेला असायचा.

नवरात्रात अमृतआबा दुकानात आले. सातपुड्याला टेकलेल्या एका गावचे हे म्हातारबाबा. दूध सोसायटीचे सभासद व्हायला १९८६ साली त्यांनी पहिला फोटो इथेच काढला होता. काळ्याभोर मिशांचा तो फोटो अजून काउंटरच्या काचेखाली होता.

"लीलाधर, देवना फोटो काढ," आबा स्टुलावर टेकत म्हणाले.

गावाच्या शिवेवर वाघदेवाचं ठाणं. तिथली वाघ कोरलेली लाकडी फळी वाळवीने खाल्ली होती आणि ती कोरणारा सुतारही राहिला नव्हता. दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारसेला तिथे काचेत मढवलेला फोटो बसवायचा, असं गावाने ठरवलं होतं.

"आबा, कॅलेंडरवरना वाघ मोठा करी देसू."

"तो कोना वाघ? आम्ना बठ्ठास्ना फोटो तूच काढेल शेतस. देवनाबी तूच काढ." गावात सगळ्यांचे फोटो लीलाधरनेच काढलेले.

"पट्टावाला का ठिपकावाला?"

"पट्टावाला. ठिपकावाला त आम्ना गोठामा रोज येस!"

दारातून आबा परत वळले. "आनि तोंड समोर जोयजे. पाठमोरा देवले काय हात जोडाना?"

लीलाधरने शब्द दिला. दुकानातली ही शेवटची ऑर्डर, एवढं त्याला कळत होतं.

वाघबारसेच्या चार दिवस आधी, रविवारी, तो सुरतेच्या प्राणिसंग्रहालयात उभा होता. मुलगी चारुलता सुरतेतच दिलेली. तीही बरोबर आली होती. वाघ मोठ्या काचेपलीकडे, पण पाठ करून झोपलेला. लोक काचेवर टकटक करायचे, शिट्ट्या मारायचे आणि कंटाळून पुढे जायचे. लीलाधरने काचेला भिडवून स्टँड लावला.

अकराचे दोन वाजले. वाघाने मान वळवून एकदा जांभई दिली. चारुलताने पटकन मोबाईलवर फोटो घेतला आणि वडिलांपुढे धरला. "पप्पा, बघा, जबडा कसला आलाय! हाच द्या ना."

"एकच कान आलाय."

"वाघाचे कान कोण मोजायला बसलंय?"

"आबा बसलेत," लीलाधर म्हणाला. "आणि उद्या इथे सुट्टी आहे."

तीनच्या सुमाराला वाघ उठला. काचेच्या कडेकडेने येरझारा घालू लागला, एवढा जवळ की मिशांचे केस मोजावेत. लीलाधरला राहवलं नाही आणि चाळीस वर्षांत न केलेली गोष्ट तो करून बसला. "इकडे बघा, राजे!" तो ओरडला. बोट थरथरलं, बटण अवेळी दाबलं गेलं. फोटोत शेपटीचं टोक तेवढं आलं. वाघ कोपऱ्यात जाऊन पुन्हा पाठ करून बसला.

"पप्पा, तुम्ही कधीपासून ओरडायला लागलात?" चारुलता हसत म्हणाली. "मला तर शाळेच्या फोटोला बसवून तुम्ही चष्माच पुसत बसला होतात. मला वाटलं, विसरलात मला."

लीलाधर तिच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला. वायर मुठीत घेतली, चष्मा काढला आणि सदऱ्याचं टोक हातात धरलं.

तो पुसत राहिला. बाजाराच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत लागणारी रांग त्याला आठवली. डोक्यावरचा पदर कानामागे घ्यायला लाजणाऱ्या बाया, उसनी टोपी एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर चढवणारे भाऊ. सगळे त्या एका क्षणी त्याच्याकडे बघायचे, नवल वाटल्यासारखे. आता त्यांतले किती जण फक्त भिंतीवर असतील. हात थरथरत होता, पण चष्मा पुसायला थरथरता हात चालतो.

"पप्पा," चारुलता श्वास रोखून म्हणाली.

लीलाधरने मान वर केली नाही. मूठ तेवढी आवळली.

बिनचष्म्याने त्याला काचेपलीकडे नुसता पिवळा ढग दिसला. चष्मा चढवून त्याने कॅमेऱ्यात पाहिलं. वाघ समोरून. नजर सरळ. दोन्ही कान.

वाघबारसेला शिवेवर गुरांसकट सगळं गाव जमलं. फ्रेमवरचं फडकं निघालं. भिकुबाई नावाची म्हातारी वाकून पाया पडली, मग दोन पावलं डावीकडे सरकली, दोन उजवीकडे. वाघाची नजर तिच्यावरच.

"आथी जा नही त तथी जा, मनाकडेच देखी ऱ्हायना!" ती म्हणाली. लगेच नारळ फुटला.

आबांनी फ्रेमबरोबर आलेलं पांढरं पाकीट उघडलं. आत पासपोर्टच्या मापाचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे आठ वाघ होते. पाकिटावर लीलाधरच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वाघदेव, ८ प्रती.'

"लीलाधर, देवले कोठे अर्ज कराना शे का?"

सगळी शीव हसली. लीलाधर ओशाळला. रात्री हातांनी सवयीने वाघामागचं सगळं पांढरं केलं होतं, प्रिंट काढली होती, सवयीनेच कापली होती.

आबांनी सात फोटो गुराख्यांना वाटले. आठवा लीलाधरच्या हातात ठेवला. "हाऊ तुना. काचखाल ठेव."

"दुकान त बंद व्हई ऱ्हायनं, आबा."

"दुकान बंद कर. काच घर लई जाय."

दिवाळीनंतर लीलाधरने पडदा, स्टूल, दिवे देऊन टाकले. काच मात्र रिक्षात मांडीवर धरून घरी आणली. काळ्या मिशांच्या आबांशेजारी आता वाघ आहे, आणि दोघंही सारख्याच नवलाने समोर बघतात.