भिंतीला उरलेला तांब्या

कुणाच्या ओट्यावर भरलेला पितळी तांब्या दिसला की ती दुपार मला अजून आठवते.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. पाटीवर नव्या जिल्ह्याचं नाव रंगवून झालं होतं, शिक्के मात्र जुनेच. जुना शिक्का मारायचा, वर काट मारायची आणि हाताने ‘लातूर’ लिहायचं, असा आमचा कारभार. त्यात दुष्काळ. निम्मे शिपाई टँकरच्या बंदोबस्तावर, म्हणजे चोर सोडून हंडे-कळशांची भांडणं सोडवायला. तरी ते दिवस मला फार प्रिय आहेत. सगळंच नवं होतं आणि आपल्या हातून काही चांगलं घडेल असं वाटायचं.

त्या दिवशी उन्हं कलताना एक बाई धावत ठाण्यात आली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी. हातांवर पांढरी धूळ तशीच होती.

“साहेब, माजी लेक साळंतून आली न्हाई. समद्यांची लेकरं घरला आली, माजीच न्हाई.”

“मैत्रिणीकडे खेळत असेल, बाई.”

“न्हाई साहेब. धाकट्याला तीच सांभाळती. ती कुटं थांबत न्हाई.”

मुलगी चौथीतली. बेपत्ताची नोंद घेतली. विहिरींचं पाणी तळाला गेलं होतं आणि पोरी कळशी भरायला आत उतरायच्या, तेव्हा पहिला संशय तोच. जमादारांना दोर घेऊन विहिरीकडे पिटाळलं. तो दोर बघून बाईही त्यांच्यामागे धावली, तिला मी थांबवून घेतलं.

बंदोबस्त मागायला आलेला टँकरचा ड्रायव्हर हे सगळं ऐकत दारात उभा होता. तो म्हणाला, “साहेब, सकाळच्या पारी पुलावरून जीप गेली, नांदेडकडं. साळंची लेकरं कोंबून भरली हुती. मला वाटलं सहल हाय.”

दुष्काळात कसली सहल? बाईला गाडीत घेतलं आणि थेट शाळा गाठली.

शाळा एका खासगी संस्थेची होती. हेडमास्तर कुलूप लावत होते. “ती मुलगी आज आलीच नाही साहेब,” ते म्हणाले, “गैरहजर आहे.”

“आणि जीप कुठे गेली होती?”

“कसली जीप? आमच्याकडे जीपबिप काही नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?”

नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. लेकरू हरवलंय म्हटलं की निर्दोष माणूस आधी लेकराची चौकशी करतो. हे गुरुजी मात्र जीपचं नाव निघताच घाम पुसायला लागले होते.

तेवढ्यात बाई ओरडली. शाळेचा हातपंप आटल्यामुळे लेकरं घरून तांब्या भरून आणायची आणि व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवायची. शाळा सुटली की रिकामे तांबे घरी जायचे. त्या भिंतीला एकच तांब्या उरला होता.

“माज्या लेकीचा हाय! हे चेपलेलं बगा, धाकट्यानं आपटला हुता.”

मी वाकून पाहिलं. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

“गुरुजी, पोरगी आली नाही, मग तांब्या चालत आला का? आणि या उन्हात दिवसभर शाळेत बसलेलं लेकरू घोटभरही पाणी पीत नाही?”

गुरुजी पायरीवर बसले. आवाज खाली आला आणि पुस्तकी भाषाही गेली. “नोकरीचा सवाल हाय साहेब. तिकडच्या गावातली मानसं लेकराबाळांसकट ऊसतोडीला गेली. साळंत पोरंच न्हाईत. आज तपासणी हुती, म्हनून आमची नेली.”

नदीपलीकडे, नांदेड जिल्ह्यात, त्याच संस्थेची दुसरी शाळा होती. एका शाळेत तपासणी आली की दुसरीतली लेकरं उसनी न्यायची, असा रिवाजच पडला होता. त्यांना ‘पाहुणी लेकरं’ म्हणायचे. प्रत्येकाला तिथल्या एकेका मुलाचं नाव पाठ करायला लावायचे आणि घरी काही बोलायचं नाही अशी तंबी द्यायचे. दोन जिल्हे, तपासणीचे दोन साहेब. तोच चेहरा दोनदा बघणार कोण?

या मुलीनेही शिकवलेलं नाव सांगितलं. पण तपासणीच्या साहेबांनी प्रेमाने आईचं विचारलं, तेव्हा ती खरं बोलून गेली, “माजी आय नदीच्या तिकडं खडी फोडती.” साहेब पुढच्या बाकाकडे वळले. तिथल्या मास्तरांनी मात्र घाबरून तिला गुपचूप कोठीत घातलं आणि कडी लावली. साहेब जेवायला थांबले होते, ती पुन्हा त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून जीप तिच्याशिवायच परतली. “सांजच्या गाडीनं आनून सोडतो म्हनले,” असं सांगून गुरुजी रडायला लागले.

हद्द दुसऱ्या जिल्ह्याची. बिनतारीवरून तिकडच्या ठाण्याला कळवलं आणि नदी ओलांडली. कोठी उघडली तेव्हा नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये ती अंग चोरून बसली होती. ओठ सुकलेले. आईने तिला उराशी घेतलं आणि सोबत आणलेला तोच तांब्या तोंडाला लावला. ती एका दमात प्यायली.

बयान घ्यायचं म्हणून मी विचारलं, “बाळ, नाव काय तुझं?”

तिने आधी दारातल्या मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कोंचं सांगू? हितलं का घरचं?”

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

लेकरू डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल केला. मिटवून टाका म्हणून फोन आले, मी ऐकले नाहीत. तपासणीच्या शेऱ्यात ‘उपस्थिती समाधानकारक’ लिहिलेलं सापडलं. जेवणही समाधानकारकच झालं असणार. नव्या जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी स्वतः गावात आले, पारावर बसले आणि यापुढे तपासणी कडक करू म्हणाले. तेव्हा हीच बाई मागून उठून उभी राहिली.

“साहेब, तुमी वरसातून येकदा येनार. आमी रोज हितंच हाव. हजेरी आमच्यासमोर घ्या की.”

कुठल्या शासन निर्णयात असं काही नव्हतं. पण साहेब भला माणूस. त्यांनी तिथेच होकार दिला. वरून येणाऱ्याला जे दाखवतात तेच दिसतं. ज्याचं लेकरू आहे त्याला फसवणं अवघड. पुढे पोलीस ठाणी चालवतानाही मी हे विसरलो नाही.

पहिल्या दिवशी मीही गेलो होतो. कामावर निघालेल्या आयाबाया शाळेच्या गडग्याशी उभ्या होत्या. अंगणात नवे गुरुजी मोठ्याने नावं पुकारत होते. या आठवणीत मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. तिचं लिहायचा मात्र फार मोह होतो. ते पुकारलं गेलं. तिने आईकडे पाहिलं आणि ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली, “हजर!”

मग तिच्या आईने पाटी डोक्यावर घेतली आणि ती खडी फोडायला गेली.