सासरेबुवांचे जैसलमेर

जैसलमेरला जायचे कसे, हे माझ्या सासऱ्यांइतके पक्के ठाऊक असलेला माणूस खुद्द जैसलमेरातही सापडला नसता. आणि दर हिवाळ्यात निघायचे ठरवून न निघण्याची त्यांची हातोटी तर साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणाला साधली नसती. गाडी कोणती, ती कुठे बदलायची, कोणत्या स्टेशनावर पाणी खारट लागते, उंटावर बसताना आधी कोणता पाय टाकायचा, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. ते स्वतः मात्र अकोल्याच्या पूर्वेला अमरावतीपर्यंत आणि पश्चिमेला बाळापूरपर्यंतच गेलेले होते. अमरावतीला आले तेही माझे स्थळ पाहायला.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, त्यांचे घर होते. बार्शीटाकळीला भावाच्या ताब्यात वडिलोपार्जित शेत होते. पण यांचे मन काळ्या मातीत कधी रमले नाही. सारी हयात त्यांनी बाळापूरच्या रस्त्यावरच्या जकात नाक्यावर कारकुनी करण्यात घालवली. येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला थांबवायचे, गोणीत सळई खुपसायची, पेटाऱ्याचे झाकण उचलायला लावायचे आणि मगच आडवा बांबू वर करायचा. पेन्शन झाल्यावर नाका सुटला, सवय सुटली नाही. घरात येणाऱ्या माणसाची पिशवी तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी अमरावतीहून गेलो, तेव्हा पाय धुऊन झाले, ओवाळून झाले आणि मी पाटावर बसलेला असतानाच त्यांनी माझी ट्रंक उघडली. बायकोसाठी गुपचूप आणलेले लुगडे तळाशी दडवले होते. ते सगळ्या सोयऱ्यांसमोर हातभर उंच धरून त्यांनी विचारले, “जवाईबापू, हे कोनाचं?” त्यांच्या आवाजात खवचटपणा मुळीच नव्हता. नाक्यावर विचारीत तसेच त्यांनी विचारले होते. बायको त्यानंतर दोन दिवस माजघराबाहेर आली नाही.

अशा माणसाच्या डोक्यात जैसलमेर कसे शिरले, याचा मला बरीच वर्षे उलगडा झाला नाही. अकोल्याचा उन्हाळा ज्याने जन्मभर सोसला, त्याला आणखी वाळवंट कशाला हवे, असे मी एकदा विचारून पाहिले. त्यावर ते म्हणाले की, उन्हाळ्याचे काय, तो घरबसल्या मिळतो. पण वाळवंटात हिवाळ्याला दात वाजतात म्हणे, ते पाहायला नको का? ही ‘म्हणे’ची सगळी माहिती येई ती समोरच्या कापडदुकानातून. दुकान मारवाडी कुटुंबाचे होते आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला सारी गल्ली माजी, म्हणजे आई, म्हणत असे. माजी जैसलमेरची. परकर नेसायच्या वयात लग्न होऊन अकोल्याला आली ती आलीच. माहेरी परत जाणे तिच्या नशिबी आले नाही. मुले-नातवंडे सगळी इथेच जन्मली आणि अस्सल वऱ्हाडी बोलू लागली. सासऱ्यांनी माजीकडून थोडी मारवाडी शिकून घेतली आणि एक दिवस तिच्या थोरल्या मुलावर त्या भाषेचा प्रयोग केला, तेव्हा तो कापड मोजता मोजता थांबून म्हणाला, “काका, समजून नाई राहिलं. आपल्या भाषेत बोला ना.”

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला की बेत सुरू होई. कागदावर काही लिहिण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते माजघराच्या जमिनीवर सगळा मुलूख मांडत. तुरीच्या काड्या म्हणजे रेल्वेचे रूळ. अडकित्ता खंडवा, पानाचा डबा अजमेर, पालथी परात जोधपूर. जिथे रूळ संपून पुढे मोटार धरायची ते पोकरण म्हणजे आंघोळीचा तांब्या. आणि या सगळ्याच्या शेवटी, भिंतीला टेकून उभा केलेला पाटा, तो जैसलमेरचा सोनेरी किल्ला. सासूबाई फार कमी बोलत. त्या पदर खोचून या मुलुखातून वाट काढीत चुलीकडे जात-येत आणि वेळ आली की शांतपणे म्हणत, “तुमचं पोकरण द्या इकडे. मले पानी काढाचं हाय.” सासरे तांब्या छातीशी धरून अगदी कळवळून विचारीत, “मंग मोटार कुठून धराची वो?” त्या दिवसाची आंघोळ बरेचदा पोकरणवाचून अडून राही. पाट्यावर चटणी वाटायची वेळ आली म्हणजे तर किल्लाच आडवा होई.

नुसत्या नकाशावर ते थांबत नसत. तिकडे पाणी जपून वापरतात असे माजीने सांगितल्यापासून एका हिवाळ्यात त्यांनी घरात पाण्याचा सराव सुरू केला. प्रत्येकाला सकाळी एक गडवा पाणी मिळायचे, पुन्हा मागायचे नाही. दुपारपर्यंत ते स्वतःच शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून, सहज आल्यासारखे दाखवून, पाणी पिताना सापडले. उंटाची गोष्ट तर अजून जुन्या शहरात सांगतात. काठेवाडकडचे मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन आमच्या भागात उतरतात. त्यांच्याबरोबर सामान वाहायला उंट असतात. नाक्यावरच्या ओळखीतून सासऱ्यांनी एकाला गाठले आणि सरावासाठी उंटावर बसले. उंट आधी मागच्या पायांवर उठतो, हे ठाऊक असूनही त्यांची टोपी समोर पडली. ती उचलायला मेंढपाळ वाकला, तेवढ्यात उंट चालू लागला. सासरे मारवाडीत त्याला थांब म्हणत होते, उंट काठेवाडी. तो संथपणे बाळापूरच्या रस्त्याने निघाला आणि शेवटी जकात नाक्याच्या आडव्या बांबूपाशी आपणहून उभा राहिला. नवा कारकून बाहेर आला, त्याने मान वर करून पाहिले आणि नेहमीच्या सवयीने विचारले की, माल काय आहे? उंटाची मान दोन्ही हातांनी कवटाळून सासरे वरून म्हणाले, “माल मीच हाय.”

इतके सगळे होऊनही जाणे काही घडत नसे. एखाद्या वर्षी कापसाची वेचणी लांबे, एखाद्या वर्षी मुलीचे बाळंतपण येई, कधी कोणाचे लग्न. होळी आली की ते तुरीच्या काड्या चुलीत घालत आणि आता पुढच्या हिवाळ्यात, असे म्हणत. घरातल्या कोणालाच याचे वाईट वाटत नसे. बेत हाच त्यांचा प्रवास, असे आम्ही धरून चाललो होतो. म्हणूनच ज्या वर्षी अकोल्याहून खंडव्याकडे छोट्या लाइनीची गाडी नुकतीच सुरू झाली होती, त्या वर्षी त्यांनी मला अमरावतीहून बोलावून घेतले आणि नाताळच्या सुट्टीत निघायचे आहे, माजीला घेऊन, असे सांगितले, तेव्हा मी हसलो. ते हसले नाहीत. माजी आता थकत चालली आहे, एवढेच म्हणाले.

माजीच्या मुलांनी साफ नकार दिला. म्हातारीला एवढ्या लांब न्यायचे, वाटेत काही झाले तर काय, आणि तिकडे आता आहे तरी कोण? त्यांचे चुकत होते असे नाही. पण सासरे सकाळी दुकान उघडताच पायरीवर जाऊन बसू लागले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. गिऱ्हाईक आले की बाजूला सरकायचे आणि गेले की पुन्हा मधोमध बसायचे. त्याआधी सवयीप्रमाणे गिऱ्हाइकाची पिशवीही बघून घ्यायचे. आठवडाभरात दुकानाची विक्री रोडावली. शेवटी थोरला मुलगा त्यांच्याजवळ येऊन बसला आणि त्याने पुन्हा समजावले की, काका, तिथे आपले म्हणावे असे कोणी उरलेले नाही. सासरे त्याला म्हणाले, “नसन कोनी. पन कोनी नाई हे तिनं आपल्या डोयानं पाहावं ना, बापू.” मुलाने आत जाऊन आईचे गरम कपडे काढायला सांगितले.

तर आम्ही निघालो: सासरे, सासूबाई, माजी, माझी बायको आणि मी. गाडीत बसेपर्यंत मला खरे वाटत नव्हते. सासऱ्यांनाही वाटत नसावे, कारण गाडी हलली तसे ते खिडकीची सळई घट्ट धरून बसले. अकोट गेले, सातपुड्याचा घाट लागला, तेव्हा कुठे त्यांचा आवाज फुटला. मग डब्यातल्या एकाही माणसाचे गाठोडे त्यांच्या तपासणीतून सुटले नाही. पोकरणला रूळ संपून मोटार धरली, ती वाटेत एका गावी नाक्यावर थांबली आणि तिथल्या कारकुनाने आमच्या ट्रंकेकडे बोट दाखवले. सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की, मी तो तसा पुन्हा कधी पाहिला नाही. जन्मभर नाक्याच्या एका बाजूला उभा राहिलेला माणूस प्रथमच दुसऱ्या बाजूला उभा होता. त्यांनी ट्रंक उघडली, गाठोडी सोडली, लोणच्याची बरणी वास घेता यावा म्हणून पुढे केली. कारकून कंटाळून जा म्हणाला, तरी हे हलेनात. खालचा डबा तुम्ही पाहिलाच नाही, अशी त्याची समजूत घालू लागले. ड्रायव्हरने भोंगा वाजवून वाजवून त्यांना आत आणले. पुढचा सारा रस्ता ते त्या पोराची तपासणी कच्ची आहे म्हणून हळहळत होते.

जैसलमेर आम्हाला दुपार कलल्यावर दिसले. किल्ला खरोखरच सोनेरी होता आणि वारा खरोखरच दात वाजवणारा. मला वाटले, आता सासरे बोलायचे थांबणार नाहीत. पण ते माजीकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारीत विचारीत आम्ही तिच्या वडिलांची गल्ली काढली. एका म्हाताऱ्याने घराणे ओळखले आणि वाडा दाखवला. त्यातले लोक केव्हाच कलकत्त्याकडे निघून गेले होते. दाराला कुलूप होते, आणि उंबऱ्यापाशी वाऱ्याने आणलेली वाळू पायरी बुडेल इतकी साचली होती. माजी दाराकडे पाहतच राहिली. मग माझ्या बायकोचा हात धरून, लहान मुलीसारख्या बारीक आवाजात म्हणाली, “हेच काय? मले काही आठवून नाई राहिलं.”

सासरे पुढे झाले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी पायरीवरची वाळू बाजूला सारू लागले. मीही त्यांच्याबरोबर बसलो. पायरी मोकळी झाल्यावर त्यांनी आपला कोट त्यावर अंथरला आणि माजीला बसवले. तिच्याजवळ सासूबाई बसल्या. आणि ज्या बाईने साऱ्या प्रवासात कोणाला चहा हवा का, याच्यापलीकडे शब्द काढला नव्हता, ती बंद दाराकडे हात करून बोलू लागली.

“आत गेलं का चौक हाय,” त्या म्हणाल्या. “डाव्या हाताले वरतं जाच्या पायऱ्या. मधल्या पायरीचा टवका उडला. तुमच्या भावानं वरतून हंडा सोडला होता. वरतं जाळीची खिडकी, तथी बसून तुमी लहानपनी उंट पाहा.”

माजीने मान वळवली. “अन् माही माय?” तिने विचारले.

“तुमची माय जाळीखाली बसे, बाजरी निवडत. बांगड्या कोपरापर्यंत. तुमी उतरल्या का पैंजनाच्या आवाजानं ओयखे.”

“हो,” माजी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, पण चेहरा हसरा होता. “तथीच बसे. तथीच.”

त्या कितीतरी वेळ बोलत होत्या. कुलूपबंद वाड्याच्या एकेका खोलीतून माझ्या सासूबाई, ज्यांनी तो वाडा कधी पाहिला नव्हता, त्या म्हातारीला हाताला धरून फिरवून आणत होत्या. मी सासऱ्यांकडे पाहिले. ते गल्लीच्या टोकाला जाऊन, वाळूने भरलेले हात झटकीत, आमच्याकडे पाठ करून उभे होते.

संध्याकाळी धर्मशाळेच्या गच्चीवर त्यांनी मला सांगितले. माझ्या बायकोच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. चालायला लागल्यावर तापाने गेला. सासूबाईंनी अन्न सोडले, बोलणे सोडले. सासरे म्हणाले, “मले घरात पाय टाकाची हिंमत होत नव्हती, जवाईबापू. दुसऱ्यायच्या पाळ्या घेऊ घेऊ मी नाक्यावरच राहो.” तेव्हा समोरून माजी रोज येई. धीर धर वगैरे काही म्हणत नसे. चुलीपाशी बसून आपल्या माहेराच्या गोष्टी सांगे, आज पायऱ्यांची, उद्या जाळीची, आणि सांगता सांगता सासूबाईंच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवी. त्या खात. “ते काम माहं होतं,” एवढे बोलून ते किल्ल्याकडे पाहत राहिले, आणि थोड्या वेळाने मला म्हणाले की, थंडी फार आहे, खाली चला.

परत आल्यावर सारी गल्ली वर्णन ऐकायला जमली. सासऱ्यांकडून आता पुढची कित्येक वर्षे सुटका नाही, अशी सगळ्यांनी मनाची तयारी केली होती. पण ते फक्त थंडी खरी आहे एवढेच सांगत आणि आत सासूबाईंकडे बोट दाखवून म्हणत, “बाकीचं तिले विचारा.” माजी त्यानंतर दोनेक वर्षांनी गेली, आपल्या घरात, मुलानातवंडांत. सासरे आणि सासूबाईंनाही जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. हिवाळ्यात अकोल्याला गेलो तर पाय अजून त्या गल्लीकडे वळतात. तिथे आता दुसरे लोक राहतात.

त्या दोघांच्या शेवटच्या हिवाळ्यांतले एक चित्र मात्र माझ्याजवळ राहिले आहे. सासूबाई माजघरात तूर पाखडत बसलेल्या, आणि कोणी विचारलेले नसतानाही त्या हळू आवाजात जैसलमेर सांगत आहेत. सासरे दाराशी भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ऐकत आहेत. सुपातले खडे वेचायला त्या जरा थांबल्या की ते डोळे न उघडता विचारतात, “मंग?”