माझ्या शवासनाला जमलेली मंडळी

समस्त सज्जनांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बहात्तरच्या दुष्काळात भिंगारमधला एक मास्तर मनाने आजारी पडला. तो मास्तर मीच!

झोप उडालेली, छातीत धडधड, फळ्याकडे तोंड केलं की डोळ्यांना पाणी. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "जोडीला रोज संध्याकाळी आसनं, शेवटी शवासन. दोन्ही हवं. उतार पडला नाही, तर पुण्याला दाखल करावं लागेल."

पुण्याच्या नुसत्या नावाने मी ताठ झालो. (शवासनात नेमकं तेच चालत नाही!)

बायकोने, म्हणजे सुमनने, सतरंजी अंथरली. मी डोळे मिटले आणि कडी वाजली. आमच्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला जायचं ते संध्याकाळीच. त्यात हा आजारी आयता आडवा सापडलेला! शेजारच्या काकू आल्या, कर्जतहून मामा आले. सगळे सतरंजीभोवती मांडी घालून बसले.

"उठू नगंस, पडून ऱ्हा," मामा म्हणाले. "आमच्याकडं एकाला अस्संच हुतं."

"मग बरा झाला?"

"न्हाई, गेला. पर ते येगळं. त्याला बैलानं मारलं."

धडधड दुप्पट!

मामांनी मुक्कामच ठोकला. मी रोज नेटाने पाय सैल सोडायचो आणि मंडळी माझ्या छातीवरून एकमेकांना बशा द्यायची. रेशनच्या साखरेत चहा पुरवून सुमन पार पिचली.

"आसनं हायेत, मंग गोळ्या कशापायी?" मामांनी एकदा विचारलं.

"गोळ्यांना हात लावाल तर चहा बंद," सुमन म्हणाली. मामांनी लगेच कप पुढे केला!

एका संध्याकाळी तिने भांडं दाणकन ठेवलं. "अहो, सरका. चहा तुम्ही टाका." आणि सतरंजीवर आडवी झाली. मंडळींनी आदराने जागा करून दिली.

मी स्टोव्हला पंप मारतोय, तोच डॉक्टर दारात.

"मास्तर, तुम्ही उभे? झोप लागते?"

"लागते. धडधडही उतरलीय." (हे मला बोलतानाच कळलं.)

"मग पुणं टळलं! पण गोळ्या आणि आसनं, दोन्ही चालू ठेवायची."

मी हातात गाळणं घेऊन कृतार्थ उभा होतो. तेवढ्यात खालून, डोळे न उघडता, सुमन म्हणाली, "गोळ्या ह्यांना चालू ठेवा, डॉक्टर. सतरंजी आता मिळायची नाही!"