कोरडं कासव

विहीर उपसताना गाळाचं घमेलं सुटलं आणि खाली कासवाच्या पाठीवर पडलं. पाठीला आरपार तडा गेला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून सासऱ्यांनीच ते विहिरीत सोडलं होतं.

"अगं, दगड तो! त्याला काय कळतंय?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पाठीला नुसतं बोट लागलं तरी त्याला कळतं. जखम भरेपर्यंत पाण्यात सोडायचं नाही.

तेव्हापासून ते न्हाणीजवळ गोणपाटावर आहे. मी औषध लावते आणि कामाला लागते. नळ सोडला की ते मान काढून पाण्याकडे निघायचं, मी उचलून परत ठेवायचे. जो कण्हत नाही त्याला दुखत नाही, असं आपण सहज धरून चालतो. घरातल्या अबोल माणसांबद्दलही तेच.

आज नळ सोडला तरी ते हललं नाही. जखमेला वास येत होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, "ताई, आता औषधाचा उपयोग नाही."

मी परातीत पाणी घेतलं आणि त्याला त्यात ठेवलं. त्याने हळूहळू चारही पाय पसरले.