कोणाच्या ह्या गोळ्या?

"कोणाच्या ह्या गोळ्या?"

माझी थैली अंगणवाडीच्या फरशीवर उलटी पडली होती. उलटी करणाऱ्या सुपरवायझर मॅडम. खिचडीचं तेल कमी भरलं, म्हणून मदतनिसाची झडती. मदतनीस म्हणजे मी. सेविकाबाईंची पर्स शेजारच्या खुर्चीवर तशीच होती, तिला कोणी हात लावला नाही. त्या गावातल्या. मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तेल गेलं की लोकांना तांडाच आठवतो.

थैलीतून कंगवा निघाला. फडक्यात बांधलेली भाकर निघाली. आरशाच्या काचा शिवायला घेतलेला कशिद्याचा तुकडा निघाला. आणि गोळ्यांची एक चंदेरी पट्टी.

तेल निघालं नाही.

मॅडमनं पट्टी उजेडात धरून वाचली. "ह्या तर डोक्याच्या गोळ्या. आमच्या घरचं मेडिकल आहे, मला शिकवू नकोस." मी शिकवतच नव्हते. मी तोंडही उघडलं नव्हतं. "वेडीच्या हातचं खातात का इथली मुलं? तुम्हा लोकांना कामावर घेतलं की हे असं होतं." आणि माझ्या हातातला खिचडीचा डाव काढून घेतला.

दाराशी लेकरांच्या माया डबे घेऊन उभ्या होत्या. एकीनं आपल्या पोरीची ताटली मागं ओढली. ताटली फरशीवर घासल्याचा तो आवाज मला अजून येतो.

"कोणाच्या, म्हणते मी?"

आता माझी करामत ऐका. मी उजवा हात उचलला आणि बोट दाखवलं. दाराकडं. तिथं माझी धाकटी बहीण उभी होती, माझी दीड वर्षाची पोर कडेवर घेऊन. माझ्याच मदतीला माहेरहून आलेली. एकोणीस वर्षांची.

"तिच्या हायेत."

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "व्हय. माह्या हायेत."

मॅडमनं डाव परत दिला. मी खिचडी वाढली. सगळ्या लेकरांना वाढली. एकीला तर "अजून घे वं माय" असंही म्हटलं.

बोट दाखवणाऱ्या त्या बाईला मी चांगली ओळखते. सत्तावीस वर्षांची होती. कोपरापर्यंत बांगड्या, आणि जीभ अशी की तांड्याच्या मुखियाच्या, नायकाच्या, बायकोलाही टोमणा मारून यायची. बोरी अरबच्या बाजारात भाव करताना दुकानदार तिला हात जोडायचे. तांड्यातली वाघीण म्हणे! मॅडमपुढं शेपूट पायात घालून बसली. बरं, नुसती बसली असती तरी चाललं असतं. तिनं घरातलंच कोकरू पुढं केलं.

गोळ्या माझ्या होत्या. पोर झाल्यावर चार महिने मी बोलले नव्हते. दूध पाजायची, पण तिच्या तोंडाकडं बघायची नाही. तांड्याच्या विहिरीतून कोणीतरी माझं नाव घेऊन हाक मारायचं. सासूनं भगत आणला. त्यानं लिंबं कापली, निंबाच्या डहाळ्यांनी झोडपलं. शेवटी नवरा, मुलीला दाखवायचं असं सांगून, मला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "हाक कोण मारते, बाप्या का बाई?" एवढं कोणी विचारलंच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत विहीर गप्प झाली. एक दिवस पोरीनं माझं नाक धरलं आणि मला हसू आलं.

तांड्याला वाटलं भगतानं बरं केलं. आम्ही वाटू दिलं. बाहेरचं लागलं होतं, हे सांगायची लाज नव्हती. ते कोणालाही लागतं. लाज गोळीची होती. जिनं मला माझी पोर परत दिली, तिला मी भाकरीखाली लपवून नेत होते.

बहिणीची सगाई झालेली होती, दिग्रसकडच्या तांड्यात. पंधरा दिवसांत निरोप आला. पोरगी डोक्याच्या गोळ्या खाते म्हणतात, आमचं नाही जमत. आमचा बाप, बापू, माझ्या घरी आला आणि त्यानं तिला विचारलं. ती खाली बघून बसली. मग बापूनं मला विचारलं, "तुले काही ठाऊक हाय का?" मी वांगी चिरत होते. चिरत राहिले. वांगी काळी पडली.

पट्टी तिच्या नावाची झाली होती, म्हणून बापूनं तिला माहेरी नेलं तेव्हा तिच्याबरोबर गेली. माझ्यापाशी एक गोळी राहिली नाही. पुन्हा दवाखान्यात जायचं तर कोणाच्या नावानं जाणार? हुशार बाई! दोन महिन्यांनी विहीर पुन्हा बोलायला लागली.

आणि कोण आलं? तीच आली. कमरेच्या पिशवीत माझ्या गोळ्या घेऊन. तिनं मला न्हाऊ घातलं, केसांतल्या उवा काढल्या, रोज गोळी जिभेवर ठेवली आणि गिळेपर्यंत समोर बसली. नवऱ्यानं पुढच्या गोळ्या आणल्या, त्याही तिच्याच नावानं. सहा महिने ती राहिली. मी उठून कामाला लागले, तसं तांड्यात बोलणं सुरू झालं. मोठी किती मायाळू, येड्या बहिणीले घरात ठेवून घेतलं.

मी ते ऐकलं. पदर नीट केला. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

मग महागावकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न लागलं. आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, सुरात. बापाला काय सांगायचं ते बापाच्या गळ्यात, भावजयीला काय सुनवायचं ते भावजयीच्या गळ्यात. त्या घडीला नवरीला सगळं माफ असतं. बापानं केलेला अन्यायही ती त्याच्या कानाशी गाऊ शकते. हे रडणं शिकावं लागतं. आधी महिनाभर मोठ्या बाया शिकवतात, आणि आमच्या पट्ट्यात शिकवणारी मी. कुठं श्वास तोडायचा, कुठं हुंदका घ्यायचा, मला विचारा. तिला मीच शिकवलं.

ती बापूच्या गळ्यात गायली. मायच्या गळ्यात गायली. बाया डोळे पुसत होत्या. मग माझ्याकडं आली. माझ्या मानेत हात टाकले. मी वाट बघत होते. आता म्हणेल. सगळ्यांसमोर म्हणेल. 

ती काहीच गायली नाही. नुसता श्वास. मग हात काढून पुढच्या बाईकडं गेली.

"येडी हाय नं," मागून कोणीतरी बोललं. "इसरली."

तिला बोलायला मिळणारी ती एकच घडी होती. ती तिनं मला झाकायला वापरली.

यावर मी पुढची तीसएक वर्षं काय केलं? गोळी खाल्ली, नवऱ्यानं लपवून आणलेली. पोरींना रडायला शिकवलं. दुसऱ्यांच्या लेकींच्या तोंडात शब्द घालत फिरले. माझा शब्द माझ्या तोंडात सडला.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका संस्थेची पोरगी तांड्यावर आली. गोड पोरगी. मानसिक आरोग्यावर कार्यक्रम होता, दारव्ह्याला. लोकांनी आपल्या गोष्टी सांगायच्या, गाणी, नाटुकलं, असं. तिला कोणीतरी सांगितलं होतं की या आजीनं येड्या बहिणीला सांभाळलं. "आजी, तुमची स्टोरी खूप इन्स्पायरिंग आहे," ती म्हणाली. तिनं एक पानही लिहून आणलं होतं. 'मी माझ्या मनोरुग्ण बहिणीचा आधार झाले.' शाल देणार होते. बहिणीलाही आणायला गाडी जाणार होती.

आता तरी नाही म्हणायचं की नाही? नाही म्हटलं. म्हणजे, मनात. तोंडानं विचारलं, "शाल कोणत्या रंगाची?"

हो. विचारलं मी. नातीकडून ते पान चारदा वाचून घेतलं. पाठ केलं. स्वतःच्याच खोटेपणाचं पाठांतर. सत्तावीस वर्षांच्या त्या बाईला मी हसते खरी, पण साठीतली कोणती शहाणी निघाली?

सभागृह भरलं होतं. मी स्टेजवर. बहीण खाली, पहिल्या रांगेत, पाय खुर्चीवर घेऊन बसलेली. केस पांढरे. मला शाल घातली. टाळ्या. मग ती पोरगी माईक घेऊन खाली उतरली आणि बहिणीच्या तोंडाशी धरला, लेकराला दूध पाजावं तसा.

"आजी, आता कसं वाटतं? बऱ्या आहात ना? गोळ्या घेता ना वेळेवर?"

बहीण म्हणाली, "मी बरीच होती, बाई."

पोरगी हसली. लोकांकडं वळली. म्हणाली, "पाहिलंत? रुग्णाला स्वतःचा आजार कबूल करायला किती वेळ लागतो."

टाळ्या वाजल्या. माझ्या बहिणीसाठी, ती खरं बोलली म्हणून नव्हे. ती खोटं बोलते असं समजून.

तीच फरशी. तीच ताटली मागं सरकली. फक्त या वेळी मॅडमच्या हातात डाव नव्हता, माईक होता. आणि शाल माझ्या अंगावर होती.

मी शाल काढली. खुर्चीवर ठेवली. स्टेजच्या पायऱ्या उतरले, गुडघे धरून. बहिणीसमोर उभी राहिले, तिच्या मानेत हात टाकले आणि ढावलो सुरू केला.

मागच्या बाया आधी हसल्या. "बुढीचं लगन हाय का वं?" मी थांबले नाही. आमच्या बोलीत गायले, त्याचा अर्थ असा. बाई गं, विहीर मले बोलवत होती. गोळ्या माह्या होत्या. बोट तुह्याकडं केलं. सगाई तुही मोडली. डोकं माह्यं फिरलं, आन् येडी तुले म्हणलं. मी चांगली झाली ते तुह्या हातानं. आजही खाते ती गोळी. माह्या नावानं कोणी विचारलं नाही, आन् मी सांगितलं नाही.

"आजी, हे आपल्या कागदात नाही," पोरगी जवळ येऊन हळूच म्हणाली. "आणि जरा थोडक्यात, मराठीत."

मी मान वळवून म्हटलं, "तुह्या कागदात मी नाही, माय." आणि पुढं गायले.

हसणाऱ्या बायांनी पुढं वाकून कान दिला होता. शेवटच्या रांगेत एक तरणी बाई उठली, पदर तोंडात धरून, आणि तशीच उभी राहिली.

बहिणीनं मला मिठी मारली नाही. हात मांडीवर तसेच. मला वाटलं रडेल. नाही रडली. जेवताना माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. भाताचा घास खाली ठेवून म्हणाली, "इथं कायले गायली? इथं मले कोण ओळखते? माह्या सासरी गाय. तिथं माह्या सुनेच्या लेकरालेबी म्हणतात, येडीचा नातू."

बरोबर होतं तिचं. परक्या सभागृहात खरं बोलणं सोपं. दोन टाळ्या त्यालाही मिळतात.

मी गेले. पुढच्याच महिन्यात, तिच्या दिराच्या नातीच्या लग्नात, बोलावणं नसताना. मांडवात उभी राहून गायले. तिचा दीर ताट सरकवून उठून गेला. एक बाई म्हणाली, आता दोघी येड्या. बहीण भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. पण थापायची थांबली होती.

तिनं मला माफ केलेलं नाही. मी मागणारही नाही. माफी मागणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घ्यायचं.

पण नियम मी केलाय. ज्या तांड्यात ढावलो शिकवायला बोलावतील, तिथं आधी मी पट्टी काढते. भाकरीखालून नाही, थैलीच्या वरच्या खिशातून. त्या खिशाला काचांच्या जागी रिकाम्या पट्ट्यांचे चंदेरी तुकडे शिवलेत, उन्हात लांबून चमकतात. बायांना, पोरींना गोल बसवते. पट्टी वर धरते आणि मॅडमच्याच आवाजात विचारते, "कोणाच्या ह्या गोळ्या?" पोरी हसतात. नक्कल बरी जमते मला. मग सगळ्यांसमोर गोळी गिळते, माझं नाव सांगते, बहिणीचं नाव सांगते, आणि मी काय केलं ते सांगते. त्यानंतरच शिकवणी. काही तांड्यांनी बोलावणं बंद केलंय. करू द्या.

त्या जुन्या अंगणवाडीत मात्र अजून गेले नाही. फरशी बदलली म्हणतात. बदलू दे. येत्या सोमवारी, खिचडी वाढायच्या वेळी, लेकरांच्या माया डबे घेऊन दाराशी असतील तेव्हा मी जाणार आहे. त्याच जागी उभी राहणार आहे. उजवा हात उचलणार आहे.

बोट तेच आहे. या वेळी ते माझ्या छातीवर येईल, आणि मी मरेपर्यंत तिथून हलणार नाही.